व्हिटॅमिन डीच्या साठ हजार युनिटच्या पुडीचे सहा महिने: रिपोर्ट भरला, हाडाचं सांगता येत नाही

आधीच सांगून टाकतो, पुडीला पाचपैकी साडेतीन तारे. एक तारा पुडीच्याच कोपऱ्यात चिकटून राहिलाय, त्याबद्दल पुढे सविस्तर. उरलेला अर्धा लॅबवाल्यांच्या नावावर.

कोलेकॅल्सिफेरॉल (म्हणजे व्हिटॅमिन डी) साठ हजार युनिट म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. हल्ली घरटी एक तरी पुडी निघते. माझ्याकडे ती पायामुळे आली. १७ सप्टेंबर २०२४, अनंत चतुर्दशी, लक्ष्मी रस्ता. पथकात मी लेझीम खेळतो. जुलैपासून रोज संध्याकाळी सराव, तिथून थेट नाइट शिफ्ट. मिरवणुकीत कितव्या तरी तासाला डावा पाय बाहेरच्या अंगाला वळला. मुरगळला असेल म्हणून बर्फ चोळला आणि अलका चौकापर्यंत नाचलो.

दुसऱ्या दिवशी एक्स-रे. करंगळीकडचं लांब हाड, पाचवा मेटाटार्सल, बुडाजवळ तडकलेला. जोन्स फ्रॅक्चर. ज्यांच्यावरून हे नाव पडलं त्या सर रॉबर्ट जोन्स यांनी स्वतःचा पाय नाचतानाच मोडून घेतला होता आणि १९०२ मध्ये त्यावर लेख लिहिला. हे वाचून मला जरा बरं वाटलं. त्या जागी रक्तपुरवठा तोकडा असतो आणि हाड जुळायला फार रखडतं, हेही त्याच रात्री वाचलं आणि बरं वाटणं तिथेच संपलं.

सहा आठवडे प्लास्टर. दिवाळीच्या तोंडावर काढलं तर फट तशीच. मग वॉकर बूट. (त्याचं वेल्क्रो तीन आठवड्यांत गेलं. त्याची उणीदुणी वेगळी काढीन.) नोव्हेंबर संपत आला, दहा आठवडे झाले, तरी एक्स-रेवरची रेघ काळी ती काळीच. डॉक्टर हाडात स्क्रू घालण्याबद्दल बोलायला लागले. त्याआधी म्हणाले, एकदा डी बघून घेऊ.

लॅबला फोन केला. मी एकट्या डीचा भाव विचारतोय आणि पलीकडची बाई चौऱ्याहत्तर तपासण्यांचं पॅकेज सोडायला तयार नाही. "सर, त्यात थायरॉइडपण येतं." अहो, माझा पाय मोडलाय. तीनदा फोन केल्यावर एकट्या तपासणीचे पंधराशे रुपये ठरले. रिपोर्ट आला ८.४ नॅनोग्रॅम, लाल अक्षरांत. वीसच्या खाली कमतरता धरतात. वय माझं एकोणतीस.

घरी हाहाकार. आजीचं म्हणणं, "रोज कोवळ्या उन्हात बसत जा म्हणून सांगत होते." बसत होतो की! प्लास्टरमधले सहा आठवडे सकाळी सात वाजता बाल्कनीच्या सरकत्या काचेआड खुर्ची टाकून बसत होतो. सगळं फुकट. कातडीत डी तयार करणारे अतिनील-बी किरण खिडकीच्या काचेतून आत येतच नाहीत. आणि कोवळं ऊन अंगाला कितीही गोड लागलं तरी सकाळी सातला सूर्य एवढा खाली असतो की ते किरण वातावरणातच गळून जातात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन कामाचं, म्हणजे साधारण भर दुपारचं. त्या वेळी मी पडदे ओढून झोपलेला असतो. आजीला हे सांगितलं तर म्हणाली, "मग आम्ही कसे धडधाकट?" आजी लग्नाआधी शेतात खुरपायला जायची. मी गप्प बसलो.

तर पुडी. आठवड्याला एक, आठ आठवडे, मग महिन्याला एक. एकीचे चौतीस रुपये. पंधराशेची तपासणी आणि चौतीस रुपयांचं औषध, हे गणित मला अजून पचलेलं नाही. चवीला संत्र्याच्या गोळीसारखी, तक्रार नाही. आठवड्यातून एकदाच घ्यायची हे मात्र माझ्या पुडीवर कुठेही ठळक छापलेलं नव्हतं. शेजारच्या काकूंनी लागोपाठ चार दिवस चार पुड्या घेतल्या होत्या, मग त्यांच्या मुलाच्या लक्षात आलं. डी तेलातुपात विरघळणारं आहे. जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही, अंगात साठतं, आणि फारच झालं तर रक्तातलं कॅल्शियम चढतं. कंपनीने ती एक ओळ लाल शाईत छापली तर काय बिघडेल?

आता तो एक तारा. पुडी फाडायला कडेला जी खाच दिलीय, तिथून ती सरळ फाटत नाही, तिरकी फाटते. पूड खालच्या दोन्ही कोपऱ्यांत घट्ट बसलेली. टिचक्या मारा, उलटी करून आपटा, थोडी राहतेच. चाळिशी-पन्नाशीतल्या बायका अंगठ्याने निपटून काढत असतील, मला ते जमलं नाही. हिशोब असा, की ४० युनिट म्हणजे एक मायक्रोग्रॅम, म्हणजे साठ हजार युनिट म्हणजे अवघे दीड मिलिग्रॅम. पुडी एक ग्रॅमची. बाकी सगळी साखर आणि रंग-वास. कोपऱ्यात नक्की किती जातंय, याने मला छळायला सुरुवात केली. पहिल्या सात रिकाम्या पुड्या ड्रॉवरमध्ये जपून ठेवल्या. मामा सराफाच्या दुकानात आहे. त्याच्या काट्यावर आधी तशाच मोजल्या, मग धुवून वाळवून पुन्हा मोजल्या. मामाने चष्म्यावरून पाहिलं, पण बोलला काही नाही. सरासरी साठ मिलिग्रॅम फरक निघाला, म्हणजे सहा टक्के. दर पुडीला दोन रुपये वाया, ते एक वेळ सोडा. युनिटमध्ये ३,६०० जातात, आणि माझ्या वयाच्या माणसाची रोजची गरज ६०० धरतात. सहा दिवसांचं डी आमच्या ड्रॉवरमधल्या मुंग्या खात होत्या. मुंग्या खरोखरच लागल्या होत्या, आई पुराव्यासकट ओरडली.

इथपर्यंतचं जानेवारीत लिहून ठेवलं होतं, आणि तेव्हा मी कोपऱ्यातला तारा माफ करून पुडीला साडेचार देणार होतो. कारण जानेवारीच्या मध्याच्या एक्स-रेत रेघ पुसट झाली. चौथा महिना. आडव्या-उभ्या दोन्ही फिल्ममध्ये तीन बाजूंनी हाड सांधलेलं दिसत होतं. स्क्रू टळला. ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटलो, डी तपासा, डी तपासा. दोघांनी ते चौऱ्याहत्तरवालं पॅकेजच घेतलं, माझ्यामुळे.

मग फेब्रुवारीत डॉक्टरांकडे बढाई मारली, तर त्यांनी शांतपणे विचारलं, "सिगरेट किती होत्या?" सप्टेंबरमध्ये हाच प्रश्न आला होता आणि आई शेजारी बसली होती म्हणून मी "नाही" म्हणालो होतो. शिफ्टमध्ये रोज सहा. पुडी सुरू केली त्याच आठवड्यात घाबरून सोडल्या. आणि बुटात असताना टाच टेकवत बाथरूमपर्यंत चालायचो, तेही त्याच आठवड्यात बंद करून कुबड्यांवर आलो. धूम्रपानाने हाड जुळायला उशीर होतो हे बऱ्यापैकी पक्कं आहे. म्हणजे एका आठवड्यात तीन गोष्टी बदलल्या, आणि हार मी पुडीच्या गळ्यात घातला.

त्यातून वाचायला बसलो. माझ्याच वयोगटावर एक चाचणी झालीय, बाल्टिमोरच्या ट्रॉमा सेंटरमधली, १८ ते ५० वयाची १०२ माणसं, मांडीचं किंवा नडगीचं हाड मोडून आत रॉड घातलेली. काहींना दीड लाख युनिट दोनदा, काहींना रोज ४,०००, काहींना रोज ६००, काहींना औषध नसलेल्या गोळ्या. तीन महिन्यांनी पाहिलं तर मोठ्या डोसवाल्यांचं हाड ठळकपणे लवकर जुळलंय असं दिसलं नाही. अर्थात ती सगळी माझ्यासारखी ८.४ वाली नव्हती, आणि त्यांचं हाडही वेगळं. मी डॉक्टरांना विचारलं, मग मला दिलंत कशाला? म्हणाले, "डी इतकं खाली असताना आतडी कॅल्शियम नीट उचलत नाहीत. नवीन हाड कच्चं राहायला नको म्हणून दिलं. लवकर जुळेल असं मी कधी म्हणालो होतो?" आठवून पाहिलं. खरंच म्हणाले नव्हते. ते सगळं मी आणि आमचा फॅमिली ग्रुप.

त्याच भेटीत कळलं की तोवरच्या सगळ्या पुड्याही मी चुकीच्या घेतल्या. शिफ्ट संपवून सकाळी सहाला, रिकाम्या पोटी, पाण्यातून. जेवणाबरोबर घ्यायची, आणि जेवणात तूपतेल हवं. तेव्हापासून रविवारी दुपारी वरणभातावर तूप, आणि पुडी वाटीभर कोमट दुधात. पुडीही आता धुवून घेतो, थोडं दूध आत ओतून हलवायचं आणि परत वाटीत. कात्रीने वरची कड पूर्ण कापली तरच हे जमतं, खाचेच्या भरवशावर नाही. पुन्हा मोजायला मामाकडे गेलो नाही, त्याने घरी सांगितलं होतं.

मार्चमध्ये डी पुन्हा तपासलं, ३६. घेतल्याबरोबर महिन्याभरात तपासायला धावू नका. रक्तातली पातळी स्थिरावायला तीनेक महिने जातात, मधला रिपोर्ट म्हणजे पंधराशे पाण्यात. ८.४ वरून ३६, सुरुवातीच्या पुड्या पाण्यात घेऊनसुद्धा. कमतरता भरून काढायचं काम पुडी चोख करते, त्यावर माझं दुमत नाही. तारे त्याचेच आहेत.

एका नातेवाइकांनी सहा लाख युनिटचं इंजेक्शन सुचवलं होतं, "एकदाच घ्या, कटकट नाही." कटकट नाही म्हटल्यावर मीही क्षणभर डळमळलो. पण ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या दोन हजारांहून जास्त बायकांवरची चाचणी २०१० मध्ये आली होती. वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिलेल्यांमध्ये पडणं आणि मोडणं, दोन्ही जास्त निघालं. मी सत्तरीचा नाही, पण एकदा मोडून झालंय.

आईला आता वाटतंय आपणही डी तपासावं. २०२४ मध्ये अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीनेच धडधाकट माणसांची सरसकट तपासणी नको म्हटलंय, हे तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि लॅबला फोन लावला. थायरॉइडपण येतं म्हणे.

आज १ जून, महिन्याचा पहिला रविवार, पुडीचा दिवस. पथकाच्या ग्रुपवर सरावाच्या तारखा पडल्यात. डॉक्टर हो म्हणालेत, चांगल्या बुटांच्या अटीवर. वरणभात वाढून झालाय, दूध कोमट आहे, आणि कात्री आईने कोथिंबिरीला घेतलीय.