‘लिनक्स सपोर्ट’च्या नावाखाली गळ्यात मारलेला केबल रिसीव्हर

यूएसबीचा डिजिटल केबल टीव्ही रिसीव्हर ऑनलाइन घेणार असाल तर पैसे भरण्याआधी हे वाचा.

जाहिरातीत ‘डीव्हीबी-टी, टी२, सी’ आणि ‘लिनक्स सपोर्ट’ असं ठळक लिहिलेलं. टी आणि टी२ म्हणजे अँटेनाचा डिजिटल टीव्ही सिग्नल, सी म्हणजे केबलचा. आत डीमॉड्युलेटर, म्हणजे सिग्नल उलगडणारी चिप, कोणता, हे मी मुद्दाम विचारलं. ‘एसआय२१६८’ असं लेखी उत्तर आलं. ही चिप केबलही घेते, ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो, चिपमध्ये चढवायच्या फर्मवेअरची फाइल तेवढी वेगळी टाकावी लागते. म्हटलं, चला, घेऊ.

वस्तू लावली आणि ड्रायव्हर मुकाट लोड झाला. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) एरर नाही, अ‍ॅडॉप्टर हजर. खरी मेख इथेच आहे. फर्मवेअर कसं मागितलं नाही, म्हणून यूएसबीला जोडलेल्या वस्तूंची यादी देणारं एलएसयूएसबी चालवलं तर आयडी ०बीडीए:२८३८, म्हणजे रियलटेक. पण एवढ्यावरून निकाल देता येत नाही, कारण याच कुळातल्या काही रिसीव्हरमध्ये केबलसाठी पॅनासॉनिकची दुसरी चिप जोडलेली असते. मग रिसीव्हर कोणकोणते सिग्नल घेतो ते सांगणारं डीव्हीबी-एफई-टूल चालवलं. सपोर्टेड डिलिव्हरी सिस्टिम्सपुढे एकच शब्द: डीव्हीबीटी. आत साधी आरटीएल२८३२यू निघाली. संगणकाच्या सॉफ्टवेअरने रेडिओ सिग्नल पकडणाऱ्यांची ती लाडकी, पण केबलच्या कामाची नाही. अँटेनाच्या सिग्नलमध्ये हजारो कॅरियर (वाहक लहरी) असतात, केबलच्या क्वाम पद्धतीच्या सिग्नलमध्ये एकच. तो उलगडणारं सर्किटच आत नसेल तर ड्रायव्हर काय करणार?

विक्रेत्याचं म्हणणं, “ड्रायव्हर लोड झालाय ना? मग तुमच्या केबलचा सिग्नल वीक असेल.” आउटपुट पाठवल्यावर त्याने ‘खास लिनक्स ड्रायव्हर’ म्हणून एक झिप धाडली. त्यात २.६ कर्नलसाठी कंपाइल केलेलं मॉड्यूल, जे आजच्या कर्नलमध्ये लोडच होत नाही, आणि रूटने, म्हणजे संगणकाचे सगळे अधिकार देऊन, चालवायची एक इन्स्टॉल स्क्रिप्ट. अनोळखी माणसाची स्क्रिप्ट रूटने चालवायची? मी हातही लावला नाही. शेवटी म्हणे, “डबी उघडून चिपचा फोटो पाठवा.” उघडलेली वस्तू परत घेत नाही, ही अट त्याच्याच पानावर तळाशी बारीक अक्षरात होती.

डबी न उघडता मी त्याचं लेखी उत्तर आणि ते आउटपुट जोडून साइटकडे तक्रार केली. पैसे मिळाले, परतीचं कुरिअर मात्र माझ्या माथी.

तुम्ही घेणार असाल तर विक्रेत्याकडे त्याच मॉडेलचं डीव्हीबी-एफई-टूलचं आउटपुट मागा. त्यात ‘डीव्हीबीसी’ दिसलं पाहिजे. नुसत्या मॉडेलच्या नावावर जाऊ नका, एकाच नावाखाली रिव्हिजन बदलते आणि आतली चिपही बदलते. ‘सगळे पे चॅनल फुकट’ असंही कुणी लिहील. एन्क्रिप्टेड चॅनलला केबल कंपनीचं कार्ड आणि ते घेणारा कॅम (कार्ड वाचून चॅनल उलगडणारं उपकरण) लागतो, आणि अशा काडीएवढ्या रिसीव्हरला कार्डाची खाचच नसते.