काटकोन त्रिकोण: भूमितीने सोडवावा की त्रिकोणमितीने?
उदाहरणात कोन दिलेला नाही आणि विचारलेलाही नाही, तर त्रिकोणमितीला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. काटकोन करणाऱ्या बाजू १५ आणि २०. काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर टाकलेला लंब किती? पायथागोरसने कर्ण येतो २५. मग क्षेत्रफळ दोन रीतींनी मांडा: १५ × २० = २५ × लंब. लंब १२, अगदी चोख. हेच टॅनने (कोनासमोरची बाजू भागिले लगतची बाजू) करायला गेलात तर आधी कोन काढावा लागतो, ५३.१३ अंश. तो ५३ धरला की उत्तर ११.९८ येतं. आकडेमोड वाढली ती वाढली, वर अचूकपणा गेला.

कोन ३०, ४५, ६० असले की दोन्ही रीती चालतात, आणि खरी निवड इथेच असते. समजा, मनोऱ्याच्या टोकाचा उन्नत कोन (जमिनीवरून टोकाकडे बघताना नजर आडव्या रेषेशी करते तो कोन) ३० अंश आहे आणि ४० मीटर पुढे गेल्यावर तो ६० होतो. त्रिकोणमितीत दोन टॅन, दोन समीकरणं, मग √३ − १/√३ चा छेद सोडवणं. भूमितीत आकृती काढून बघा: ६० हा बाह्यकोन, त्यातून दूरस्थ आंतरकोन ३० वजा केला की टोकापाशी ३०च उरतात. त्रिकोण समद्विभुज! म्हणजे जवळच्या बिंदूपासून टोक तिरपं ४० मीटर. ६० अंशांसमोरची बाजू कर्णाच्या √३/२ पट, म्हणून उंची २०√३, सुमारे ३४.६ मीटर. उत्तर दोन्हीकडे तेच, पण ते का आलं हे इथे डोळ्यांना दिसतं.

कोन २५ आणि ५० असते तरी समद्विभुजाने ४० मीटर मिळालेच असते. शेवटच्या पायरीला मात्र साइन ५० (साइन म्हणजे समोरची बाजू भागिले कर्ण) लागला असता. २८ आणि ५१ असतील तर सरळ टॅन घ्या.

१५ अंशांचं अजून भूमितीत जमतं. ३०-६०-९० त्रिकोणाच्या बाजू १, √३ आणि २ (कर्ण) धरा. त्यातली √३ ची बाजू ३० अंशांच्या टोकाकडून कर्णाइतकी, म्हणजे २ ने वाढवा; टॅन १५ = १/(२ + √३) = २ − √३. २० अंशांना अशी रचनाच नाही. ६० अंशांच्या कोनाचे पट्टी आणि कंपासने तीन समान भाग करता येत नाहीत, हे पिएर वांत्झेल यांनी १८३७ मध्ये सिद्ध केलं.

आणि ३७ अंश दिसताच ३-४-५ चा त्रिकोण लावू नका. त्यातला कोन ३६.८७ अंशांचा असतो. कर्ण १० असेल तर समोरची बाजू ६ नव्हे, ६.०२ येते. अंदाजापुरतं ६ चालेल. नेमकं उत्तर हवं असेल तर साइन ३७च घ्या.