छर्रा की पॉइंट टू टू? रायफल शूटिंग सुरू करणाऱ्या पुणेकरांसाठी

१ ऑगस्ट २०२४ ला स्वप्निल कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (नीलिंग म्हणजे गुडघ्यावर, प्रोन म्हणजे पोटावर झोपून, स्टँडिंग म्हणजे उभं राहून) ब्राँझ जिंकलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस, आणि सराव आपल्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलात. तेव्हापासून पालकांचा प्रश्न बदललाय. पूर्वी विचारायचे, ‘एअर रायफल कुठली घेऊ?’ आता विचारतात, ‘एअर रायफलमध्ये वेळ घालवण्यापेक्षा थेट पॉइंट टू टूच धरली तर?’ पॉइंट टू टू म्हणजे कुसाळेच्या प्रकारातली, दारूच्या काडतुसाची ०.२२ इंची रायफल; एअर रायफल हवेच्या दाबावर छर्रा मारते.

प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर बहुतेकांसाठी ‘आधी छर्रा’ असंच आहे, पण ‘एअर रायफल सोपी असते म्हणून’ हे त्याचं कारण नाही.

आधी दोन्हींचा दारूगोळा बघू. एअर रायफलचा ४.५ मिलिमीटरचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि नळीतून सेकंदाला १७०-१७५ मीटर वेगाने निघतो. ऊर्जा जेमतेम ८ ज्यूल. पॉइंट टू टूच्या मॅच म्हणजे स्पर्धेच्या काडतुसाची गोळी २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास, ऊर्जा सुमारे १४० ज्यूल. हा वेग मुद्दामच ध्वनीच्या वेगाच्या खाली ठेवलेला असतो. ध्वनीपेक्षा वेगाने निघालेली गोळी वाटेत मंदावते आणि ती सीमा ओलांडताना तिचा तोल बिघडतो. शिवाय वेग वाढला की वारा कमी लागेल असं वाटतं, पण पॉइंट टू टूच्या बाबतीत उलट होतं: हाय व्हेलॉसिटी, म्हणजे जास्त वेगाचं काडतूस ५० मीटरवर मॅच काडतुसापेक्षा जास्त वाहतं. त्यामुळे डब्यावरचा मोठा आकडा बघून काडतूस घेऊ नका.

आता लक्ष्याकडे या. १० मीटरच्या कागदावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, याहून अवघड काय असणार! ५० मीटरवरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे ऐसपैस. पण नेमबाजीत छिद्राची कड वर्तुळाला टेकली तरी वरचे गुण मिळतात. म्हणून छर्र्याची जाडी धरली, तर छर्र्याचं केंद्र मधल्या ५ मिलिमीटरच्या गोलात कुठेही पडलं तरी दहा. पॉइंट टू टूची गोळी ५.६ मिलिमीटरची, म्हणजे तिथे हा गोल १६ मिलिमीटरचा. अंतराने भागून बघा. एअर रायफलमध्ये दर मीटरला अर्धा मिलिमीटर चूक चालते, पॉइंट टू टूमध्ये ०.३२. म्हणजे तुमच्या हाताची जी थरथर १० मीटरवर दहात बसते, तीच ५० मीटरवर नवात जाते. स्टँडिंगमध्ये हा फरक फार जाणवतो. प्रोनमध्ये स्लिंग (रायफल हाताला घट्ट धरून ठेवणारा पट्टा) आणि जमीन साथ देतात, तिथे तो जवळजवळ कळत नाही.

त्यात वारा. १० मीटरची रेंज बंदिस्त असते, तिथे हा विषयच नाही. ५० मीटरवर मात्र सेकंदाला दोन मीटरची आडवी झुळूक गोळीला साधारण एक सेंटिमीटर बाजूला नेते. लागोपाठच्या दोन वर्तुळांमधलं अंतर असतं ८ मिलिमीटर. शॉट सुरेख सुटलेला, ट्रिगर स्वच्छ, आणि पडद्यावर ९.७. पावसाळ्यात पुण्यात पश्चिमेचं वारं सुरू झालं, की लेनमधली झेंडी वाचायला शिकण्यातच महिने जातात. नेम सरकवायला साईटचे क्लिक फिरवायचे की झुळूक ओसरेपर्यंत थांबायचं, हे कळायला आपला शॉट कसा गेला हे आधी खात्रीने कळावं लागतं. माझं खरं कारण हे आहे. नवशिक्याने पॉइंट टू टूवर आठ मारला तर चूक त्याची, वाऱ्याची की काडतुसाची हे त्यालाही सांगता येत नाही आणि कोचलाही. एअर रायफलवर आठ पडला तर ती चूक बहुतेक वेळा त्याचीच असते. शिवाय छर्रा हळू निघतो, ट्रिगर सुटल्यावरही क्षणभर नळीत असतो. शॉटनंतर स्थिर राहायची सवय तो सक्तीने लावतो, आणि ती सवय पुढे पॉइंट टू टूवर जशीच्या तशी उपयोगी पडते.

काडतुसांचं प्रकरण वेगळं आहे. एकाच कंपनीचं, एकाच नावाचं काडतूस, पण एक लॉट (एका वेळी बनलेला साठा) तुमच्या नळीतून अंगठ्याच्या नखाएवढा गट, म्हणजे छिद्रांचा पुंजका देईल आणि दुसरा विखुरेल. म्हणून रायफल क्लॅम्पमध्ये बांधून लॉट तपासतात आणि जमलेला लॉट मिळेल तेवढा घेऊन ठेवतात. नळी साफ केल्यावर पहिले काही शॉट भरकटतात. डिसेंबरच्या सकाळी पारा दहा-बारावर असला की गोळीवरचं मेण घट्ट होतं आणि गट हलतो. छर्र्यालाही लॉट असतो, पण तिथला फरक सुरुवातीच्या वर्षांत तुमच्या गुणांवर क्वचितच दिसेल.

खर्चाचं सांगायचं तर छर्र्यांच्या डब्यात सहसा ५०० नग येतात, काडतुसांच्या खोक्यात ५०. मॅच दर्जाची काडतुसं बाहेरून येतात आणि एका शॉटचा खर्च छर्र्याच्या कित्येक पट पडतो. घरी सरावाचं म्हणाल, तर फ्लॅटमध्ये १० मीटर सरळ जागा क्वचितच मिळते. पण एअर रायफलचं ड्राय फायरिंग (छर्रा न भरता नेम आणि ट्रिगरचा सराव) बैठकीच्या खोलीतही होतं, आणि रोजची वीस मिनिटं ड्राय फायरिंग आठवड्यातून एकदा रेंजवर शंभर छर्रे उडवण्यापेक्षा जास्त देतात. पॉइंट टू टूचं फायरिंग फक्त रेंजवरच.

मग थेट पॉइंट टू टू कोणी घ्यावी? ज्यांनी एनसीसीत प्रोन मारलंय, ज्यांना स्लिंग आणि श्वास माहीत आहे, वयाने मोठे आहेत आणि ज्यांची खरी आवड प्रोनचीच आहे, त्यांनी क्लबच्या रायफलवर खुशाल सुरू करावं. एवढं लक्षात ठेवा, की ५० मीटर प्रोन हा स्वतंत्र प्रकार रिओनंतर ऑलिंपिकमधून गेला. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला याच प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवलं होतं. आज ऑलिंपिकचं स्वप्न असेल तर नीलिंग, प्रोन, स्टँडिंग तिन्ही लागतात, आणि स्टँडिंगचा पाया एअर रायफलच घालते. बाकीच्यांनी एअरमध्ये ६० शॉटना (दशांश गुणांत, एका शॉटला जास्तीत जास्त १०.९) ६०० च्या वर सातत्याने यायला लागल्यावर क्लबची पॉइंट टू टू हातात घ्यावी. स्वतःची त्यानंतर.

स्वतःची घ्यायची म्हटलं की परवाना आला. ४.५ मिलिमीटरच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. पॉइंट टू टूला लागतो आणि नेहमीच्या परवान्यासाठी वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत. लहान मुलं क्लबच्या रायफलवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीत सराव करतात. अर्ज कुठे करायचा हे पत्त्यावर ठरतं. बाणेर-औंधला राहत असाल तर पुणे पोलीस आयुक्तालय, वाकड-हिंजवडीकरांना पिंपरी-चिंचवड आयुक्तालय, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालय. क्लबचं सदस्यत्व आणि स्पर्धांची प्रमाणपत्रं आधीपासून फाइलला लावून ठेवा, कारण पोलीस पडताळणीला वेळ लागतो आणि तोवर सराव क्लबच्याच रायफलवर करायचा आहे.