नागानो १९९८: कॅनडाचा संघ आणि चेक संघ

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगचे खेळाडू जपानमधल्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फावर पहिल्यांदाच उतरणार होते. संघात जागा २३, आणि कॅनडाकडे नावांची रास. संघ निवडणारे व्यवस्थापक बॉबी क्लार्क यांनी एरिक लिंड्रोसला कर्णधार केलं, अनुभवी मार्क मेसिएला वगळलं आणि बचावात चिवट म्हणून रॉब झॅमुनरला घेतलं. देशभर बोंब उठली. मला मात्र झॅमुनरची निवड चुकीची वाटत नाही; प्रतिस्पर्ध्याला रोखणारं कुणीतरी लागतंच.

चेक प्रशिक्षक इव्हान ह्लिंका यांच्याकडे इतकी चैन नव्हती. एनएचएल गाजवणारे आक्रमक यागर आणि गोलरक्षक हाशेक होते, पण बरेच जण युरोपातल्याच लीगमध्ये खेळणारे. कर्णधार रुझिच्का तर ३४ वर्षांचा. मात्र हाशेकवर भरवसा ठेवून सगळा संघ मागे राहून खेळायला तयार होता.

उपांत्य सामन्यात १-१ बरोबरी. पेनल्टी शॉट्समध्ये कॅनडाच्या पाचही जणांना हाशेकला चकवता आलं नाही, चेकांकडून एकट्या रायखेलने गोल केला. आणि कॅनडाचा महान खेळाडू वेन ग्रेट्झ्की? बाकावर! त्याला शॉटच दिला नाही. म्हणजे निवडीपेक्षा निवडलेला माणूस कधी वापरायचा, तिथेच कॅनडाचं गणित चुकलं. चेकांनी रशियाला १-० हरवून सुवर्ण नेलं, कॅनडा चौथा.