आईवडिलांना सांभाळायला: चोवीस तासांची ताई, दोन पाळ्या, की वृद्धाश्रम?

आईवडील पुण्यात, नाशकात किंवा डोंबिवलीत आणि मुलं बंगळुरूत किंवा परदेशात, अशा घरांत हा प्रश्न बहुधा कुणीतरी पडल्यावरच उभा राहतो. खुब्याचं हाड मोडतं, ऑपरेशन होतं, आणि डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टर विचारतात, "घरी बघायला कोण आहे?" मग घाईघाईनं सांभाळणाऱ्या बायका पुरवणाऱ्या ब्यूरोला फोन जातो आणि जी बाई येईल ती ठेवली जाते. दोन दिवसांत घेतलेला हा निर्णय पुढे वर्षानुवर्षं चालतो. तो घेण्याआधी पर्याय शेजारी शेजारी ठेवून बघता यावेत, म्हणून हे लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगते. सांभाळणाऱ्या बाईवर अन्याय करणारी व्यवस्था आजीआजोबांसाठीही धोक्याची असते. झोप न मिळालेल्या बाईकडून गोळी चुकते, उठवताना हात सुटतो, आणि कंटाळली की ती एक दिवस न सांगता निघून जाते. म्हातारपणी रोज दिसणारा चेहरा तोच असणं फार मोलाचं असतं, आणि तो तोच राहावा असं वाटत असेल तर त्या चेहऱ्यामागच्या माणसाला तिथं राहावंसं वाटलं पाहिजे. म्हणून दोन्ही बाजूंचा हिशेब इथं एकत्रच मांडला आहे.

आधी रात्र बघा

पैसे किती, बाई कुठली, स्वयंपाक येतो का, हे सगळं नंतर. आधी आठवडाभर वहीत लिहा की रात्री अकरा ते सकाळी सहा या वेळात आई किंवा बाबा किती वेळा उठतात. प्रोस्टेटचा त्रास, रक्तदाबासाठी दिलेल्या लघवीच्या गोळ्या, स्मृतिभ्रंशात संध्याकाळनंतर वाढणारी बेचैनी, यांमुळे हा आकडा एकापासून सहा-सातपर्यंत कुठंही जातो.

माणूस पूर्ण अंथरुणाला खिळलेला असेल तर दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर आणि टाचांवर जखमा होतात. म्हणजे दिवसरात्रीत बारा वेळा. हे काम एकाच बाईवर टाकलं तर तिला सलग दोन तासांपेक्षा जास्त झोप कधीच मिळणार नाही. दोन-चार दिवस कुणी करेलही, महिना कुणालाच झेपणार नाही.

माझा ठोकताळा असा: रात्री एकदा-दोनदाच उठावं लागत असेल तर चोवीस तासांची एक बाई चालते. त्याहून जास्त असेल तर दोन पाळ्या लावा किंवा घरच्या कुणीतरी रात्र वाटून घ्या.

चोवीस तासांची बाई

हा पर्याय सर्वांत जास्त निवडला जातो, आणि अन्यायही इथंच सर्वांत जास्त होतो. पुण्या-मुंबईत हे काम करणाऱ्या कितीतरी बायका लातूर, नांदेड, परभणी, यवतमाळकडून आलेल्या असतात. झारखंड, ओडिशा, बंगालमधूनही येतात. बऱ्याच जणी विधवा किंवा नवऱ्यानं टाकलेल्या, मुलं गावी आजीकडे. राहायला जागा मिळते, खाणं सुटतं, पगार सगळा घरी पाठवता येतो, म्हणून त्या हे काम पत्करतात. आपल्याला चोवीस तास माणूस मिळतो. सोय दोघांचीही आहे, पण चोवीस तास हजर असणं आणि चोवीस तास काम करणं यांतला फरक पाळला तरच.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०११ मध्ये घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला. आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी हवी, आणि हाक आली तर उठायचं म्हणून थांबून राहावं लागतं त्या वेळाचाही कामाच्या तासांत विचार व्हावा, असं त्यात आहे. भारतानं या कराराच्या बाजूनं मत दिलं, पण तो स्वतःवर बंधनकारक करून घेणारं अनुसमर्थन केलेलं नाही. घरकामगारांसाठी देशभर लागू असा स्वतंत्र कायदाही नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्र सरकारला समिती नेमून अशा कायद्याचा विचार करायला सांगितलं. तोवर घरात काय न्याय्य आहे हे बरंचसं आपणच ठरवतो, आणि म्हणून जबाबदारीही आपलीच.

ठरवताना मी या गोष्टी सोडणार नाही. रात्रीची आठ तास विश्रांती, आणि ती मोडली तर दुपारी तेवढी भरपाई. जेवणानंतर दोन तास तिचे स्वतःचे. आठवड्याला एक सुट्टी. ती साठवून महिन्याला सलग चार दिवस हवी असेल तर तसं, पण निवड तिची. झोपायला कॉट आणि गादी, आजींच्या पलंगाशेजारी जमिनीवर चटई नव्हे. कुलूप लागणारं कपाट. आतून कडी लागणारं न्हाणीघर. खोलीत कॅमेरा लावणार असाल तर तिला दाखवून, सांगून लावा. ती कपडे बदलते किंवा झोपते तिथं मुळीच नको.

जेवणाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. आजही कितीतरी घरांत बाईचा कप वेगळा, ताट वेगळं, भाजी कालची. काही सोसायट्यांत लिफ्टही वेगळी. जिच्या हातून आपली आई घास घेते तिला आपल्या कपात चहा चालत नाही, हे मनाला पटणारं नाही. यामागे जात आहे, आणि ते तिलाही कळतं. घरात जे शिजतं तेच तिच्या ताटात, पोटभर, हा नियम पहिल्या दिवशीच घरातल्या सगळ्यांना सांगा. आजींनाही.

कामाची हद्दही पहिल्याच दिवशी लिहून काढा. आजींचं अंघोळ-पाणी, कपडे, अंथरूण, जेवण, गोळ्या, फिरवून आणणं. बघता बघता त्यात घरभराची धुणीभांडी येतात, मग पाहुण्यांचा स्वयंपाक, मग नातवंडांना बसवर सोडणं. ही कामं करायची तिची तयारी असेल तर त्याचे पैसे वेगळे द्या. आणि इन्सुलिन, नाकातल्या नळीनं अन्न देणं, लघवीची नळी सांभाळणं ही कामं शिकवल्याशिवाय तिच्याकडून करून घेऊ नका. त्यासाठी नर्स लागते. रोज ठरल्या वेळी येऊन जाणारी मिळते.

भाषा हा मुद्दा लोक विसरतात. स्मृतिभ्रंशात बऱ्याचदा नंतर शिकलेली भाषा आधी पुसट होते. आयुष्यभर बँकेत हिंदी-इंग्रजी बोललेले आजोबा अखेरीस मराठीवरच येतात. अशा वेळी मराठवाड्यातली ताई अधिक बरी पडते. ती रात्रीच्या एसटीनं गावी पोचते, त्यामुळे लग्न, आजारपण, सोयाबीनची काढणी यांसाठी तिचं जाणंयेणं जास्त असतं. बंगालकडची ताई बहुधा वर्षातून एकदाच जाते, पण महिनाभरासाठी; पुण्याहून हावड्याला आझाद हिंद एक्स्प्रेसनंही दीड दिवस लागतो. दोन्हींत चूक काहीच नाही. बदली आधी ठरवून ठेवायची, एवढंच. वर्षातून एकदा गावच्या प्रवासाचं भाडं आपण द्यावं असं मला वाटतं.

दोन पाळ्या

सकाळी आठ ते रात्री आठ एक ताई, रात्री आठ ते सकाळी आठ दुसरी. खर्च वाढतो, कधी जवळजवळ दुप्पट होतो. त्या बदल्यात प्रत्येक वेळी झोप झालेलं, ताजं माणूस समोर असतं. एक आजारी पडली तर दुसरी काही तास निभावून नेते. बाई स्वतःच्या घरी, स्वतःच्या मुलांत राहते. मनाविरुद्ध काही होत असेल तर तिला रोज उंबरा ओलांडून जाता येतं, आणि आजींच्या अंगावर वळ दिसला तर दुसऱ्या डोळ्यांना तो दिसतो.

अडचण येते ती देवाणघेवाणीत. "गोळी दिली का?" याचं उत्तर दोघींच्या मध्येच हरवतं. पलंगाशेजारी एक वही टांगा: गोळी, लघवी, जेवण, झोप, वेळेसकट. लिहिता न येणाऱ्या बाईसाठी खुणांचा तक्ता करा. दुसरी अडचण स्मृतिभ्रंशाची. चेहरे बदलले की काही आजी गोंधळतात. पण तेच दोन चेहरे टिकले तर बहुतेक वेळा सवय होते.

रात्रपाळीच्या ताईला येताजाता रिक्षाचे पैसे द्या. शहराच्या कडेच्या वस्तीतून रात्री साडेसातला बस धरून येणं सोपं नसतं.

ब्यूरोमार्फत की थेट?

ब्यूरोची खरी सेवा म्हणजे बदली. बाई गेली तर दुसरी पाठवतात. त्यासाठी कमिशन घेतात, त्यालाही हरकत नाही. हरकत आहे ती लपवाछपवीला. आपण महिन्याला अमुक रक्कम देतो, त्यातली तिच्या हातात किती पडते, हे आपल्याला माहीत नसतं आणि कधी कधी तिलाही नसतं. काही जण पहिल्या महिन्याचा पगार अडकवून ठेवतात, काही जण आधारचं मूळ कार्ड. ब्यूरोवाल्यांना तीन प्रश्न सरळ विचारा: तिच्या हातात किती, सुट्ट्या किती, मूळ कागद कुणाकडे. उत्तर देताना आढेवेढे घेतले तर दुसरा ब्यूरो बघा. आणि समोर आलेली मुलगी अठराच्या आतली वाटली तर तिथंच नकार द्या.

थेट ठेवली तर पूर्ण पगार तिचा, नातं सरळ, टिकण्याची शक्यता जास्त. पण बदली, पोलिसांकडची नोंद, भांडण मिटवणं हे सगळं आपल्याकडे येतं. घरातलं कुणी त्याच शहरात असेल तर मी थेटच सुचवेन. सगळेच परगावी असाल तर ब्यूरो घ्या, पण तिचा पगार तिच्या खात्यावर आणि कमिशन ब्यूरोला वेगळं, असं जमतं का ते बघा.

आजोबांना सांभाळायचं असेल तर पुरुष मदतनीसही मिळतात, आणि कित्येकदा तेच योग्य. मेंदूच्या आजारात काही वृद्धांचं भान सुटतं आणि ते बाईला नको तसा हात लावतात. "जाऊ दे, त्यांना कळत नाही" असं म्हणून बाईला गप्प बसवू नका. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घर हेही कामाचं ठिकाण धरलं आहे आणि घरकामगार बाई जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करू शकते.

दिवसापुरती मदत, आणि वृद्धाश्रम

हिंडती-फिरती, स्वतःचं स्वतः करणारी आई असेल तर चार-सहा तासांची मावशी पुरते. चोवीस तासांच्या माणसाची घाई मुलांच्या काळजीपोटी होते, आईच्या गरजेपोटी नव्हे. संडासात धरायला दांडा, न घसरणारी फरशी, रात्रीचा मंद दिवा, शेजाऱ्यांकडे किल्ली, एवढ्यानं बरंच भागतं.

वृद्धाश्रम म्हटलं की आपल्याकडे आवाज खाली जातो. तसं होऊ नये. सततची वैद्यकीय देखरेख लागते किंवा घरात एकटेपणानं माणूस खचत चालला आहे, तेव्हा चांगला आश्रम घरापेक्षा बरा. मात्र तिथंही सांभाळणाऱ्या त्याच बायका असतात. नुसती बाग आणि देऊळ बघण्यापेक्षा रात्री जाऊन बघा. किती वृद्धांमागे किती जणी जाग्या असतात, त्यांची पाळी किती तासांची, त्या किती वर्षं टिकल्या आहेत, हे विचारा. तिथल्या बायका दर दोन महिन्यांनी बदलत असतील तर आत काहीतरी बिनसलेलं आहे.

पैसे आणि कागद

७० किंवा त्याहून जास्त वयाच्या सर्वांना आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत रुग्णालयातले उपचार मिळतात, उत्पन्नाची अट नाही. घरी सांभाळायला ठेवलेल्या माणसाचा पगार त्यात येत नाही; तो आपल्याच खिशातून जातो, हे धरून चाला. अडीअडचणीला ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. हा नंबर आईबाबांच्या फोनमध्ये घालून ठेवा.

सांभाळणाऱ्या ताईसाठीही काही करता येतं. महाराष्ट्रात २००८ च्या कायद्यानं घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे. १८ ते ६० वयाच्या बायकांची तिथं नोंदणी होते. नोंदणी केलेल्या आणि ५५ पूर्ण झालेल्या कामगारांना १०,००० रुपये सन्मानधन देण्याची योजना आहे. कामाचा दाखला आपण लिहून द्यायचा. तो द्यायला घरमालक का कचरतात ते मला कळलेलं नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतो. तो हप्ता आपण भरावा. ती ४० च्या आतली असेल तर श्रमयोगी मानधन योजनेत नाव घालता येतं, साठीनंतर महिना ३,००० रुपये पेन्शन. एक देश एक रेशनकार्डमुळे तिच्या गावच्या कार्डावर इथंही धान्य उचलता येतं. तिची स्वतःची आई गावी म्हातारी होत असते, आणि तीही. आपल्या आईला उचलता उचलता तिची पाठ गेली तर औषधाचा खर्च कुणाचा, हेही लिहून ठेवा. तो आपला असला पाहिजे.

यातलं काही नवं नाही. पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी संप केला तेव्हापासून भरपगारी सुट्टी आणि दिवाळीला बोनस या मागण्या पुण्यातल्या घरांना ठाऊक आहेत. राहणाऱ्या बाईलाही त्या तशाच लागू व्हायला हव्यात. दर वर्षी पगारवाढ, उचल दिली तर ती किती हप्त्यांत वळती करायची, हे सगळं दोन प्रतींत, तिला वाचून दाखवून.

आणि कागदावर एक ओळ बहुतेक कुणी लिहीत नाही. आजी गेल्या की त्याच दिवशी या बाईचं काम जातं आणि डोक्यावरचं छप्परही. तेराव्यापर्यंत घरात कुणाला सुचत नसतं, आणि ती कोपऱ्यात बॅग भरून बसलेली असते. एक महिन्याचा पगार, काम केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार वेगळा, दुसरं काम मिळेपर्यंत पंधरा दिवस राहायची मुभा आणि पुढच्या घरासाठी सहीचं पत्र, एवढं पहिल्याच दिवशी कागदावर घ्या.