स्टेशन इन, नॅशव्हिल: ब्लूग्रास ऐकायला जाताना रात्रही निवडा, खुर्चीही निवडा

अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहराच्या गल्च भागात, ट्वेल्थ ॲव्हेन्यू साउथवर ४०२ क्रमांकाची एक बुटकी दगडी इमारत आहे. आजूबाजूला उंच टॉवर उभे राहिले, ही मात्र होती तशीच राहिली. हेच स्टेशन इन. ब्लूग्रास, म्हणजे तारवाद्यांवरचं अमेरिकन ग्रामीण संगीत, वाजवणाऱ्या काही कलाकारांनी मिळून १९७४ मध्ये ते सुरू केलं. १९७८ मध्ये ते या जागेत आलं. १९८१ पासून २०२१ मध्ये निधन होईपर्यंत जे. टी. ग्रे यांनी ते चालवलं. २०२० मध्ये ब्लूग्रासच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव गेलं. हा मान बहुतेक वेळा वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांना मिळतो. एका छोट्या सभागृहाच्या मालकाला तो मिळाला, यावरून या संगीतात अशा जागेचं वजन किती आहे ते लक्षात यावं.

ब्लूग्रास ऐकण्यासाठी याहून योग्य खोली मिळणं कठीण, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण तिथे कुठल्याही रात्री जाऊन कुठेही बसलं तरी चालतं, असं मात्र नाही.

आधी खोलीबद्दल. पाच तारांचा बँजो, मँडोलिन, फिडल (म्हणजे व्हायोलिनच), गिटार आणि उभा डबल बेस, कधी सोबतीला डोब्रो ही धातूच्या तबकडीची गिटार, एवढाच या संगीताचा संसार. ड्रम नाही, ॲम्प्लिफायर नाही. या वाद्यांची ताकद सारखी नसते. बँजोच्या आत धातूचं जड कडं असतं आणि वर ताणलेला पडदा, त्यामुळे तो सगळ्यांच्या वर ऐकू येतो. फिडल आणि मँडोलिनही सहज कान गाठतात. गिटार सगळ्यात दुबळी. नॅशव्हिलच्याच रायमन ऑडिटोरियमसारख्या २,३६२ खुर्च्यांच्या सभागृहात हा तोल ध्वनिनियंत्रकाच्या टेबलावर साधला जातो. प्रत्येक वाद्याला वेगळा माइक किंवा पिकअप (वाद्यालाच चिकटवलेला माइकसारखा तुकडा) असतो, आणि कुणाचा आवाज किती हे टेबलामागचा माणूस ठरवतो. रायमनबद्दल तक्रार नाही. १९४५ च्या डिसेंबरमध्ये बँजोवादक अर्ल स्क्रग्ज तिथेच बिल मनरो यांच्या बँडबरोबर पहिल्यांदा उभे राहिले आणि या संगीताचा आजचा घाट तिथूनच पडला. पण स्टेशन इनमध्ये जेमतेम दोनेकशे माणसं मावतात. छत बुटकं आहे. मूळ वाद्याचा आवाज माइकशिवायही बराच मागेपर्यंत येतो, स्पीकर त्याला फक्त हात देतो. म्हणजे तोल वाजवणाऱ्यांच्याच हातात राहतो, आणि ते तो कसा सांभाळतात हे ऐकणं हीच इथली खरी मजा. बैठकीचं गाणं समोर बसून ऐकण्यात आणि मैदानावरच्या मंडपात ऐकण्यात जो फरक असतो, तसाच हा.

चांगला बँड ओळखायचा असेल तर गिटारवाल्याच्या ब्रेककडे कान द्या. ब्रेक म्हणजे एका वाद्याने एकट्याने वाजवायचा तुकडा, गाण्यात तो साधारण एका कडव्याएवढा असतो. गिटारचा ब्रेक सुरू झाला की मँडोलिनचा चॉप, म्हणजे उलट्या ठोक्यावरचा दाबलेला फटकारा, अर्ध्यावर यायला हवा. बँजोवाल्याने जवळजवळ थांबायला हवं आणि बेस तेवढा खाली उरायला हवा. हे झालं नाही तर गिटारवाल्याची बोटं पळताना दिसतात, ऐकू काहीच येत नाही. मोठ्या सभागृहात ही चूक टेबलावरून झाकता येते. इथे झाकता येत नाही.

काही बँड अजूनही एकाच माइकभोवती उभे राहतात. मोठ्या पडद्याचा एक कंडेन्सर माइक मध्यभागी, आणि ज्याची पाळी तो पुढे सरकतो. अंतर निम्मं झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. मँडोलिनवाला साठ सेंटिमीटरवरून तीसवर आला की त्याच्यासाठी वेगळं बटण फिरवावं लागत नाही. बँजोवाल्याला मात्र तेवढं पुढे येण्याची गरज नसते. तो पुढे आलाच तर गाणाऱ्याचा आवाज गिळून टाकतो. डबल बेस मागे उभा असतो आणि त्याचा खालचा सूर, ४१ हर्ट्झच्या आसपासचा, दूरच्या माइकमध्ये नीट पकडला जात नाही, म्हणून त्याला बहुधा वेगळा माइक किंवा पिकअप देतात. असा माइक खोलीतलं सगळंच ऐकतो, वादकांना त्यांचाच आवाज ऐकवणारे मंचावरचे स्पीकर, म्हणजे मॉनिटरसुद्धा. म्हणून आवाज वाढवला की शिट्टी वाजायला लागते, आणि अनुभवी बँड मॉनिटर बंदच ठेवतात. माइकभोवतीची ही ये-जा नुसती पाहायलाही छान वाटते. आपल्या रात्रीचा बँड असा वाजवणारा असेल तर मध्यभागाची खुर्ची सोडू नका.

खुर्च्या राखीव नसतात, हा इथला सगळ्यात महत्त्वाचा नियम. तिकीट आधी घेतलं तरी त्यात फक्त प्रवेश मिळतो, जागा नाही. आधी येईल तो आधी बसेल. शुक्रवार-शनिवारला नाव असलेला बँड असेल तर दार उघडण्याच्या किमान अर्धा-पाऊण तास आधी रांगेत असायला हवं. चौघांना एकाच टेबलावर बसायचं असेल तर त्याहूनही आधी. एकट्याला उशिरा आल्यावरही कुठेतरी खुर्ची मिळून जाते, चौघांना नाही.

पहिली रांग मिळाली म्हणून आनंदून जाऊ नका. तिथे जे वाद्य नेमकं समोर आहे तेच ऐकू येतं, आणि गाण्याचे शब्द मात्र बाजूच्या स्पीकरमधून तुमच्या डोक्यावरून मागे जातात. तिसरी-चौथी रांग, मध्यभाग, ही उत्तम जागा. जमीन सपाट असल्यामुळे याहून फार मागे गेलात तर पुढच्यांच्या डोक्यांमधून बोटं दिसणं अवघड होतं, शिवाय काउंटरची ये-जा कानावर येते. तुम्ही स्वतः बँजो किंवा गिटार शिकत असाल तर मध्यापासून किंचित डावीकडे बसा. उजव्या हाताने छेडणाऱ्याच्या वाद्याचा दांडा प्रेक्षकांच्या उजवीकडे येतो. त्या बाजूने पाहिलं तर दांडा तुमच्याच दिशेने रोखलेला असतो आणि पट्टीवरची बोटं एकावर एक दिसतात. डावीकडून छेडणारा हातही मोकळा दिसतो.

आता वेळापत्रक कसं वाचायचं ते. आठवड्याच्या मधल्या रात्री बहुधा नॅशव्हिलमध्येच राहणारे स्टुडिओतले वादक आपापसांत बँड जमवून वाजवतात. नाव अनोळखी असतं, पण यादीतली माणसं एरवी मोठ्या गायकांच्या ध्वनिमुद्रणात वाजवणारी असतात. आमच्या मते नवख्याने सुरुवात याच रात्रींनी करावी. गर्दी कमी, वाजवणं निवांत, आणि ब्रेक लांबत जातात. द टाइम जंपर्स ही मंडळी कित्येक वर्षं इथे सोमवारी अशीच वाजवत होती, पुढे गर्दी मावेना म्हणून मोठ्या जागेत गेली. शुक्रवार-शनिवारी दौऱ्यावरचे बँड येतात. त्यांचा कार्यक्रम बसवलेला असतो, तीन आवाजांचं गाणं घोटलेलं असतं, आणि मध्यंतरानंतरचा भाग सहसा जास्त रंगतो, कारण तोवर मंचावरचा आवाज बसलेला असतो. दोन्ही भाग ऐकायची तयारी ठेवूनच जा.

तीन आवाजांबद्दल थोडं. मधला मुख्य, वरचा टेनर, खालचा बॅरिटोन. टेनर ऐकू येणं सोपं, तो आभाळाला टेकतो. बॅरिटोन सापडला की मात्र धृवपदाची वीण उलगडते, म्हणून मुद्दाम त्याच्या मागावर राहा. गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीत, आलं की बँजो बऱ्याचदा खाली ठेवतात, चौथा खर्जाचा आवाज सामील होतो आणि साथीला गिटार-मँडोलिन एवढंच उरतं. या खोलीत तेवढ्या वेळात काउंटरवरचं बोलणंही थांबतं.

दोन गाण्यांमध्ये बँजोवाला सुरात लावत बसला तर त्याला दोष देऊ नका. जी पट्टीतून बी पट्टीत जायचं तर कॅपो, म्हणजे दांड्यावर तारा दाबून धरणारा चिमटा, चौथ्या पडद्यावर जातो, पण पाचवी तार आखूड असते, तिला कॅपो पोचत नाही. ती नवव्या पडद्यावरच्या बारीक खिळ्याखाली अडकवावी लागते. दाब बदलला की सूर हलतो, वर दिव्यांची ऊब. दहा-पंधरा सेकंद लागणारच. मुरलेले बँड तेवढ्यात कुणाला तरी बोलतं ठेवतात, किंवा एकाच पट्टीतली गाणी ओळीने लावतात.

रविवारी रात्रीची जॅम, म्हणजे आलेल्या वादकांनी मिळून वाजवण्याची बैठक, विनामूल्य असते, आणि नॅशव्हिलला एकच संध्याकाळ हाताशी असेल आणि ती रविवारची असेल तर दुसरा विचार करू नका. वाद्य घेऊन येणाऱ्यांनी काही गोष्टी पक्क्या करून याव्यात. गोलात बसल्यावर गाणं सुचवणारा पट्टी सांगतो, ती ऐकून कॅपो लावा, विचारायची वेळ येऊ देऊ नका. ब्रेक सहसा गोलाच्या क्रमाने फिरतो. नजर तुमच्याकडे आली आणि घ्यायचा नसेल तर मान हलवून पुढे द्या, त्यात कमीपणा नाही. घेतलात तर एक फेरी वाजवा आणि सोडा. फिडलच्या धुनेत पहिला भाग दोनदा, दुसरा भाग दोनदा, अशा ३२ मात्राखंडांची एक फेरी होते. दुसरा भाग एकदाच वाजवून थांबलात तर अख्खा गोल लटपटतो. सुचवणाऱ्याने पाय उचलला की ही शेवटची फेरी. बेस एकच. बँजो दोन-तीन असतील तर एकाने वाजवावं, बाकीच्यांनी दाबून साथ करावी. सगळ्यात जास्त बिघाड होतो तो वेगामुळे. नवखा वादक ब्रेकमध्ये घाई करतो, मँडोलिनचा चॉप त्याच्यामागे धावतो, आणि दोन फेऱ्यांत गाणाऱ्याला शब्द तोंडात बसवता येत नाहीत. डबल बेसकडे पाहत वाजवलं तर हे टळतं. सूर लावायला क्लिपचा ट्यूनर वापरा, दुसरं कुणी गात असताना तारा छेडत बसणं इथे कुणालाही आवडत नाही.

खाण्यापिण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पिझ्झा, पॉपकॉर्न, बिअर. जेवून जा. काउंटरवर बिअरमागे एखाद-दोन डॉलर टिप ठेवण्याची तिथली रीत आहे. गल्चमध्ये गाडी लावायला जागा कमी आणि पार्किंग महाग, टॅक्सी बरी.

ज्यांना वाद्यांपेक्षा गाण्याचे शब्द जवळचे वाटतात, फोकच्या अंगाने जाणारं ऐकायचं आहे, त्यांनी एक रात्र ग्रीन हिल्समधल्या ब्लूबर्ड कॅफेसाठी ठेवावी. १९८२ मध्ये सुरू झालेली, अवघ्या नव्वदेक खुर्च्यांची ही जागा दुकानांच्या एका साध्या रांगेत आहे. २००८ पासून ती गीतकारांच्या संघटनेकडे आहे. बऱ्याच रात्री गीतकार खोलीच्या मध्यभागी एकमेकांकडे तोंड करून बसतात आणि पाळीपाळीने आपलीच गाणी गातात. इथे स्टेशन इनच्या उलट कारभार: जागा आधी आरक्षित करावी लागते, आणि आरक्षण खुलं झालं की लोकप्रिय रात्री काही मिनिटांत भरतात. गाणं चालू असताना बोललेलं अजिबात खपवून घेत नाहीत. सोमवारी खुला मंच असतो. तिथे दर्जा वरखाली होतो, हे धरूनच जावं.

प्रवासाच्या तारखा ठरवताना दोन आठवडे लक्षात घ्या. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला एसपीबीजीएमए या ब्लूग्रास संस्थेचं अधिवेशन नॅशव्हिलला भरतं. त्या दिवसांत वादकांनी शहर भरलेलं असतं, स्टेशन इनमध्ये कोण मंचावर चढेल सांगता येत नाही, आणि उभं राहायलाही जागा उरत नाही. सप्टेंबरमध्ये अमेरिकानाफेस्ट हा संगीत महोत्सव असतो. तेव्हा स्टेशन इनमध्येही त्याचे कार्यक्रम लागतात, एका रात्रीत अनेक कलाकार थोडा थोडा वेळ वाजवतात आणि प्रवेशाचे नियम महोत्सवाच्या पासप्रमाणे बदलतात. नवीन नावं चाखायला ते दिवस चांगले. एकच बँड दोन भागांत सावकाश ऐकायचा असेल तर हे दोन्ही आठवडे टाळा, मधला मंगळवार किंवा बुधवार धरा, आणि निघण्याआधी त्या रात्रीच्या वादकांची नावं सभागृहाच्या वेळापत्रकावर तपासून घ्या.