कोइंब्रातले दहा महिने: दोन खोल्या, एक नदी

पोर्तुगालमधल्या कोइंब्रात शिकायला येऊन दहा महिने झाले. पहिले पाच डोंगरावरच्या जुन्या गावात, म्हणजे 'आल्ता'त. पुढचे पाच मोंदेगो नदीच्या पलीकडे, सांता क्लाराला.

आल्तातली खोली मी कुडाळात बसून घेतली. नकाशात 'विद्यापीठ' दिसलं, तिथून चार मिनिटांवर खोली दिसली, पैसे भरले. आल्यावर उमगलं की माथ्यावरचं विद्यापीठ कायदा, साहित्य, गणित असल्या मंडळींचं. इंजिनिअरिंगचा, म्हणजे माझा, 'पोलो दोइश' (दुसरा कॅम्पस) पार दुसऱ्या टोकाला, आणि वैद्यकीयवाल्यांचा आणखी तिसरीकडेच. त्यामुळे रोज बस. आपला विभाग कोणत्या पोलोत आहे हे आधी विचारा, खोली मग बघा.

दुसरी गोष्ट चढ. नकाशातली चार मिनिटं सपाटीची असतात. खालच्या बाजारातून वर यायच्या एका वाटेचं नावच 'केब्रा-कॉश्तश', म्हणजे पाठमोड. पाच किलो तांदूळ घेऊन ती चढलात की नाव कुणी ठेवलं असेल ते कळतं.

खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, भाडं २९० युरो, वीज वेगळी, दोन महिन्यांचं डिपॉझिट. खिडकीसमोर से व्हेल्या, बाराव्या शतकातलं किल्ल्यासारखं कॅथीड्रल. फोटो बघून घरचे खूश. नोव्हेंबर लागला आणि भिंत घामेजली. मी कोकणातली, ओलाव्याचं मला काय कौतुक! पण आपला ओलावा उबदार असतो. इथे जाड दगडी भिंती, गरम करायची काही सोय नाही, आणि बाहेरच्यापेक्षा आत गारठा जास्त. कपाटामागे काळी बुरशी, चामड्याच्या चपलांवर पांढरी लव. शेवटी ओल शोषणारं यंत्र आणलं. रोज सकाळी त्यातलं पाणी बादलीत ओतायचे. ती 'बादली' घरमालकीणबाईंना लगेच कळली. पहिला महिनाभर आमचा संवाद चावी, पाव, साबण, बादली एवढ्यावरच चालला, सगळे पोर्तुगीजांकडूनच आपल्याकडे आलेले शब्द. निघताना मात्र बुरशीची रंगरंगोटी म्हणून डिपॉझिटमधले दीडशे युरो कापले, तेव्हा शब्द कमी पडले. लेखी करार आणि दरमहा भाड्याची पावती मागाच.

जुन्या गावात 'रेपुब्लिका' हाही एक प्रकार आहे. विद्यार्थी मिळून घर चालवतात, पाळीने स्वयंपाक, निर्णय बैठकीत. ज्याला एकत्र कुटुंब सोसतं त्याने जरूर बघावं. मला दार लावून झोपायला आवडतं.

आता आल्ताची बाजू, कारण ती आहेच. संध्याकाळी पर्यटक निघून गेले की गाव आपलं होतं. हे विद्यापीठ १२९० सालचं. लिस्बन-कोइंब्रा असं बऱ्याचदा हलत १५३७ मध्ये इथे कायमचं बसलं. त्याच्या अंगणातल्या मनोऱ्याच्या घंटेला पोरं 'काब्रा' म्हणतात, म्हणजे शेळी. विद्यापीठाच्याच जुन्या जुआनिना ग्रंथालयाचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं, उशीर करू नका. आत सोन्याचा मुलामा, पण मला आवडली ती वटवाघळं. ती रात्री पुस्तकांवरचे किडे खातात, आणि त्यांच्या विष्ठेने खराब होऊ नयेत म्हणून मेजांवर रोज चामड्याची आच्छादनं टाकतात. माझ्या खोलीत असं एखादं वटवाघूळ असतं तर दीडशे युरो वाचले असते. पोर्तुगालचा पहिला राजा आफोंसू एन्रीकिश खाली सांता क्रूश चर्चमध्ये पुरलेला आहे, तेही बघून घ्या.

फेब्रुवारीत सांता क्लाराला आले. भाडं २६०, ऊन थेट पलंगावर. जवळच सांता क्लारा-आ-व्हेल्याचं मठ-चर्च. मोंदेगोचं पाणी पुन्हा पुन्हा आत शिरायचं. जोगिणींनी वर मजले चढवून पाहिले आणि १६७७ मध्ये मठच सोडला. पुढे शतकानुशतकं तो अर्धा गाळात. आता उत्खनन होऊन मोकळा झालाय. मला कोइंब्रातली सगळ्यात मोलाची जागा हीच वाटते, जुआनिनापेक्षाही. ओलीपुढे कुणाचंच चालत नाही, हे माझ्या कपाटासारखंच तिथे दिसतं.

जवळच किंता दश लाग्रिमश, अश्रूंची बाग. राजपुत्र पेद्रूची प्रेयसी इनेश हिला १३५५ मध्ये राजाच्या हुकमाने मारलं. झऱ्यातले लाल दगड तिच्या रक्ताचे असं सांगतात. शेवाळ आहे ते. पेद्रू-इनेशच्याच नावाच्या पादचारी पुलाचे दोन काठांवरून येणारे भाग एका रेषेत नाहीतच, मधोमध बाजूला सरकून भेटतात. रंगीत काचेचे कठडे, संध्याकाळी बसायला झकास.

मे महिन्यात 'कैमा दश फीतश', फितींची होळी, हा विद्यार्थ्यांचा उत्सव. आपली 'फीत'ही तिकडचीच. प्रत्येक विद्याशाखेच्या फितीचा रंग वेगळा. आमचा फिकट निळा आणि पांढरा. सुरुवातीला मध्यरात्री से व्हेल्याच्या पायऱ्यांवर फादू, म्हणजे इथली उदास गाणी, गातात. काळ्या झग्यांतल्या विद्यार्थ्यांची तुडुंब गर्दी, पण टाळी एक नाही. मी माझ्या जुन्या खिडकीखालीच उभी होते. वर नवी भाडेकरू मुलगी कोपर टेकून ऐकत होती. गाणं संपल्यावर तिला हाक मारून सांगणार होते, बाई गं, कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढ. पण एवढ्या शांततेत ओरडायचं कसं?